टाकीचं झाकण आणि हमीद मिस्तरी

हमीद मिस्तरी माणूस भेटला की आधी त्याचा खिसा चाचपतो. रामराम, सलाम मागाहून. वरचा खिसा, मग बाजूचे दोन, मग कमरेभोवती हात. पोलीस पण एवढं करत नाहीत. काडेपेटी सापडली की ती आपल्या पत्र्याच्या डब्यात टाकतो, आणि मग तोंडभरून हसतो. "हां, आते बोला. घरमा बठ्ठा बरा शेतस ना?"

एका लग्नात मी त्याला नवरदेवाचा खिसा चाचपताना पाहिलंय. नवरदेवाला वाटलं, हा आहेराचं पाकीट घालतोय. बिचारा छाती पुढं करून उभा राहिला. हमीदनं खिशातलं लायटर काढून घेतलं आणि जेवायला बसला. मी म्हटलं, अरे, पंप कुठं, मांडव कुठं? तर म्हणे, "हातले सवय पडेल शे, नाना. अठे इसरना, त तठे बी इसरी."

पंप म्हणजे आमच्या नगरपालिकेचा डिझेलचा पंप. धुळ्याहून सुरतेकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. नाव लिहीत नाही, लिहिलं तर ऑफिसातली माणसं भांडायला येतील. पाण्याचे टँकर, कचऱ्याच्या गाड्या, आगीचा बंब, सगळे याच पंपावर भरतात. त्याच्या देखभालीचा आणि दुरुस्तीचा ठेका दरवर्षी निघतो. नळी, मीटर, गाळणी, जमिनीखालची टाकी, टाकीचं झाकण, सगळं ठेकेदारानं बघायचं. जो कमी भावात करील त्याला काम. कित्येक वर्षं तो ठेका हमीदकडं होता. पूर्वी तो रस्त्यावरच्या खासगी पंपांचीही कामं करायचा, पण कंपन्यांनी आपापली माणसं आणली आणि त्याच्याकडं आमचा एवढा एकच पंप उरला.

मी आधी टँकर चालवायचो. रिटायर झालो तेव्हा साहेबांनी पंपावर बसवलं आणि आवारातच कोपऱ्यातली खोली दिली. शाळा माझी चौथीपर्यंत. लिहिणं हा माझा धंदा नाही. पण शेवंता, माझी बायको, दिवाळीनंतर गेली आणि घरात बोलायला कोणी उरलं नाही. ती असती तर हे तिलाच सांगितलं असतं आणि तुमचा वेळ वाचला असता.

तर हमीद. उंच, वाळलेला, दाढी मेंदीनं लाल, खांद्यावर पुसायचं फडकं. जमिनीखालच्या टाकीला तो 'म्हातारी' म्हणतो. सकाळी आला की झाकणावर हात ठेवून विचारतो, "झोप लागनी का?" मग माझ्याकडं वळतो आणि माझा खिसा चाचपतो. मी आयुष्यात बिडी ओढली नाही, त्यालाही ते माहीत आहे. तरी चाचपतो. पंपाच्या आवारात कोणी जरा काही चुकीचं केलं, इंजिन चालू ठेवलं, मोबाईल कानाला लावला, की तो दोन्ही हात वर करून ओरडतो, "बठ्ठं बंद!" आणि खरंच सगळं बंद करतो. मेन स्विच खाली. टँकरवाले शिव्या घालतात, हा हात बांधून उभा. "द्या. शिवीनं आग लागत नई."

खरं सांगतो, त्याच्याबरोबर काम करणं म्हणजे डोक्याला ताप होता. कुठं काय चुकलं आणि कधी ओरडेल, नेम नाही. कुत्रं जरी नळीजवळ अंग खाजवायला लागलं तरी हा तिकडं धावायचा, केसांतून ठिणगी उडते म्हणून. कुत्र्यांनी आमचं आवार सोडलं.

दसऱ्याला पंपाची पूजा होते. फुलं, हळद, नारळ, याला हमीदची हरकत नाही. नारळ तर तो स्वतः आणतो. पण उदबत्ती नाही, कापूर नाही, निरांजन नाही. एका वर्षी नवे नगराध्यक्ष आले, त्यांच्याबरोबर गुरुजी. गुरुजींनी ताट उचललं तोच हमीदनं त्यांचं धोतर चाचपायला घेतलं. हातघाईवर आलं. शेवटी ताटात बॅटरी ठेवून आरती झाली. गुरुजी म्हणाले, "बॅटरीची आरती शास्त्रात नाही." हमीद म्हणाला, "महाराज, शास्त्रमा डिझेल बी नई शे." नगराध्यक्ष हसले म्हणून निभावलं, नाहीतर त्या वर्षीच ठेका गेला असता.

माझ्या बायकोचं आणि त्याचं तर उभं वैर. आमची खोली आवारात, म्हणजे चूल आवारात. हमीदनं ती चूल आधी ओट्यावरून आत नेली, मग मागच्या भिंतीला नेली, मग भिंतीबाहेर रस्त्याकडं काढली. तिथंही वारा पंपाकडं वाहतोय म्हणून तो बोट ओलं करून वर धरायचा. आणि दुपारी त्याच चुलीवरची कळण्याची भाकर खायला पाटावर बसायचा. शेवंता म्हणायची, "तुले भाकर पाहिजे, चूल नको? मंग काय उन्हावर भाजू का?" हा भाकर मोडत म्हणायचा, "भाभी, तुमी इतला बोलतस, तठेच भाजाई जाई." ती लाटणं घेऊन उठायची. आणि एखाद्या दिवशी तो आला नाही तर मला चारदा विचारायची, का नाही आला, बरं आहे ना त्याचं. त्याची बायको सुरतला मुलाकडं गेली ती परत आलीच नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. बायकांनी विचारायचं असतं ते.

आणखी एक खोड सांगतो, पुढचं समजायला ती लागेल. हमीदला नकली माल चालत नाही. जुगाड म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येतो. टाकीच्या झाकणाखाली रबराचं गॅस्केट बसतं, डिझेलला टिकणारं, ते तो धुळ्याहून पारखून आणतो आणि बाजारातल्या आपल्या दुकानात ठेवतो. एकदा ऑफिसातल्या कुणीतरी स्वस्तातला साधा रबर पाठवला, तर त्यानं तो ऑफिसात नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हे चप्पलले लावा." साधा रबर डिझेलनं फुगतो, वाकडा होतो, मग झाकण बसत नाही आणि पाणी आत जातं. हे त्यानं मला इतक्या वेळा ऐकवलंय की मला झोपेत सांगता येईल.

मार्चमध्ये नव्या वर्षाच्या ठेक्याची निविदा निघाली. आता ती कॉम्प्युटरवर भरायची असते. हमीद बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याकडं जाऊन बसला, आधी त्याची सिगारेट विझवली, मग अर्ज भरला. यंदा जळगावच्या एका मोठ्या ठेकेदारानंही भरली होती. आणि यंदा एक नवी अट होती. चालू वर्षात ठेकेदाराच्या चुकीनं पंप बंद पडला असेल, तर त्याची निविदा उघडायचीच नाही. हमीद म्हणाला, "चांगली अट शे." मीही म्हणालो, तुझ्यासाठीच घातलीय.

निविदा उघडायच्या दिवशी तो सकाळीच आला. पांढरा इस्त्रीचा कुर्ता, अत्तर, दाढीला नवी मेंदी. दुपारी ऑफिसात बसायचं होतं. मी टाकीत काठी बुडवत होतो. हे रोजचं काम. झाकण न उघडता, बाजूच्या बुचाच्या तोंडातून लांब पितळी काठी टाकीत सोडायची, डिझेल किती आहे ते बघायचं. काठीच्या टोकाला एक लेप लावतात. तळाला पाणी असलं तर लेप लाल होतो. इतक्या वर्षांत आमचा लेप कधी लाल झाला नव्हता.

काठी वर आली. टोक लालभडक.

मी काठी तशीच त्याच्यापुढं धरली. हमीदनं खांद्यावरचं फडकं घेऊन टोक पुसलं, नवा लेप लावला, काठी स्वतः सोडली. पुन्हा लाल. त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि झाकणाकडं बघत राहिला.

डिझेलमध्ये पाणी म्हणजे गाडी अर्ध्या रस्त्यात उभी. आणि पाणी आत गेलं म्हणजे झाकणातून गेलं. झाकण म्हणजे ठेकेदार. हे मला कळलं, मग त्याला कळलं नसेल का?

मी तोंडाचा फटकळ माणूस. आवाज खाली करून म्हणालो, "काठी पूस. दुपारी तुनी निविदा उघडू दे. संध्याकाळी परत बुडाव. तवय लाल दिसू दे."

"आनी तवलोंग?"

"तवलोंग कोनी मरत नई."

तेवढ्यात फाटकातून पाण्याचे टँकर आत आले. पुढच्यावर गुलाब ड्रायव्हर, तोंडात गुटखा, भोंग्यावर हात. वरच्या वस्त्यांवर सकाळचं पाणी न्यायची घाई. त्यांच्या मागं आगीचा बंब. बंबाचा ड्रायव्हर मान बाहेर काढून ओरडला, "नाना, आधी माझं भरा. जिनिंगला कापसाच्या गंजीतून धूर निघतोय म्हणून फोन आलाय."

मी हमीदकडं पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम. अत्तराचा वास आणि डिझेलचा वास एकत्र येत होता. नळी माझ्या हातात होती. तो 'भर' म्हणाला असता तर मी भरलं असतं. सांगून ठेवतो, मी भरलं असतं.

"टाकीमा कितलं शे?" त्यानं बंबवाल्याला विचारलं.

"अर्धी असेल."

"मंग तेवढ्यावर जाय. पटकन. अठलं एक थेंब घेऊ नको." आणि दोन्ही हात वर. "बठ्ठं बंद!"

बंब गेला. तो हमीदचं ऐकतो, कारण त्याला आगीची भीती माहीत आहे. टँकरवाले कसले ऐकतात. गुलाब खाली उतरला. "ए मिस्तरी, तुझी नाटकं दसऱ्याला कर. तिथं बाया हंडे घेऊन उभ्या आहेत, त्या माझं डोकं फोडतील."

"फोडू दे. डोकं शिवता येस. इंजिन नई."

"तुला कोणी मालक केलं रे पंपाचा?"

"आज दुपारलोंग मीच शे," हमीद म्हणाला आणि नळीला कुलूप घातलं. कुलूप दोनदा निसटलं.

गुलाबनं ऑफिसात फोन लावला. फाटकाबाहेर जाऊन लावला, हे विशेष. थोड्या वेळात मुख्याधिकारी मॅडमची गाडी आली. मॅडम तरुण आहेत, कामाला कडक, पण ऐकून घेतात. त्यांचा ड्रायव्हर उतरला तसा हमीदनं सवयीनं त्याचा खिसा चाचपला. एवढा प्रसंग ओढवलेला, टँकरवाले खवळलेले, आणि हा लायटर काढून डब्यात टाकतोय! मॅडमनी आपला मोबाईल बंद करून त्याच्या हातात दिला. गुलाबला हसू आलं, त्यानं गुटख्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"काय झालंय?" मॅडमनी विचारलं.

"टाकीत पाणी शिरलंय, मॅडम." ऑफिसच्या माणसांशी हमीद शहरी मराठी बोलतो, जपून, नवे जोडे घातल्यासारखा. "पंप मी बंद केलाय."

गेल्या थंडीत नगरपालिकेनं कचऱ्याच्या गाड्या धुवायचा रॅम्प पंपाला लागून बांधला होता. त्याचं पाणी रोज झाकणावरून वाहायचं. मी मनात म्हटलं, ढकल रॅम्पवर, हमीद. रॅम्प तुझा नाही. मॅडमनाही तेच सुचलं असावं. त्या रॅम्पकडं बघून म्हणाल्या, "पाणी तिकडून येतंय का?"

"पाणी रॅम्पचं आहे," हमीद म्हणाला, "पण झाकण माझं आहे. झाकण पक्कं असतं तर आत गेलं नसतं."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

त्यानं बोल्ट काढले. पांढऱ्या कुर्त्याच्या बाह्या वर करायचंही त्याला सुचलं नाही, कोपरापर्यंत काळा झाला. झाकण उचललं. खाली जे होतं ते सगळ्यांनी पाहिलं. गॅस्केट नव्हतंच. टायरच्या ट्यूबचा कापलेला तुकडा होता, साधा रबर, भिजलेल्या पापडासारखा फुगून एका बाजूला दुमडलेला. मला वाटलं, कुणीतरी मागाहून बदललं. वैऱ्यानं केलं. जळगाववाल्यानं केलं.

"हे कोणी लावलं?" मॅडम म्हणाल्या.

"मी."

हमीद मिस्तरीनं ट्यूब लावली, हे आमच्या गावात कुणाला सांगितलं तर सांगणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतील.

"तुम्हाला माहीत होतं, हे टिकत नाही?"

"माहीत होतं."

"मग का लावलं?" मॅडमचा आवाज रागाचा नव्हता. "हे बघा, काही कारण असेल तर सांगा. लेखी द्या. आज उघडायचं मी थांबवू शकते. नाहीतर अट तुम्हाला माहीत आहे."

हमीद खाली बघत होता. "कारण नाही, मॅडम. चूक आहे."

"कधी लावलंत?"

"वर्षाची तपासणी केली तेव्हा. दिवाळीनंतर."

दिवाळीनंतर. एरवी झाकण उघडलं की मी जवळ असतोच. मी जवळ असतो तर ट्यूब पाहिली असती. दिवाळीनंतर मी एकदाच आवार सोडून गेलो होतो. एरंडोलला, लेकीकडं. तिच्या पोराच्या जावळाला. शेवंताचे गुडघे दुखत होते म्हणून ती मागं राहिली, आणि दुपारी ती खोलीच्या दारात कोसळली. आवारात हमीद होता. त्यानं तिला आपल्या टेम्पोत घालून धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मी एरंडोलहून मिळेल त्या गाडीनं पोचलो तर हमीद पायरीवर बसलेला. मला बघून उभा राहिला. त्या दिवशी त्यानं माझा खिसा चाचपला नाही. मला तेव्हाच कळलं.

म्हणजे झाकण उघडं होतं. तपासणी चालू होती, जुनं गॅस्केट काढलेलं, नवं दुकानात राहिलेलं. माझी बायको दारात पडलेली, आणि टाकी उघडी टाकून जाता येत नाही. त्यानं टेम्पोतली ट्यूब कापली, झाकणाखाली घातली, बोल्ट आवळले आणि तिला उचललं.

"मॅडम," मी म्हणालो, "मी सांगतो. त्या दिवशी..."

हमीदनं माझं मनगट धरलं. त्याची बोटं लोखंडाची आहेत, हाड दुखलं. इतक्या वर्षांत तो कधी हळू बोलला नव्हता, तो माझ्या कानाशी हळू म्हणाला, "नाना. बठ्ठं बंद."

मॅडम थांबल्या. माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. मी तोंड मिटलं. का मिटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मनगट सोडलं असतं तर कदाचित बोललो असतो. त्यानं सोडलं नाही.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. मोबाईल घेतला आणि गेल्या. टँकर गावाबाहेरच्या खासगी पंपावर भरायला पाठवले. जिनिंगची आग बंबानं अर्ध्या टाकीवर विझवली आणि परत आला. दुपारी निविदा उघडल्या. हमीदची उघडली नाही. काम जळगाववाल्याला गेलं.

हमीद ऑफिसात गेलाच नाही. त्यानं कुर्ता काढून माझ्या खोलीच्या खुंटीला टांगला आणि बनियनवर हातपंप घेऊन टाकीतलं पाणी उपसलं. ठेका गेलेला माणूस पाणी उपसतोय. तळाचं पाणी पिंपात काढलं, काठी बुडवली, पुसली, पुन्हा बुडवली, लेप पांढरा राहीपर्यंत. दुकानातून खरं गॅस्केट आणून बसवलं. शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर तो लिंबाखाली ओट्यावर येऊन बसला. उन्हं अजून होती. मी पाणी दिलं आणि मग शिव्या दिल्या. माझ्याजवळ होत्या नव्हत्या तेवढ्या.

"येडा शे का तू? मॅडम समोरून इचारी राहनी व्हती. एक वाक्य बोलना व्हतं."

"काय बोलू?" तो म्हणाला. "भाभीमुळे टाकीमा पानी गयं, असं? लेखी दिऊ? मंग ते कागद ऑफिसमा फिरी. गुलाब वाची. टँकर नई उना तर वस्तीवरनी बाई म्हनी, नानानी बायकोमुळे आमले पानी नई. भाभीना नाव त्या ऑफिसमा कोनी काढाले नको."

"ती मन्ही बायको शे. नाव काढाना हक मन्हा शे."

"मंग तुमी काढा. घरमा काढा. ऑफिसमा नई."

मी मग विचारलं, "दुसरा दिवशी का नई बदलं तू ते?"

तो फडक्यानं बोटं पुसत राहिला. बोटं स्वच्छ झाली तरी पुसत राहिला. "डोकामातून निंघी गयं. खरं सांगस. मी त्या दिवसना काही आठवूच देत नव्हतू, नाना. झाकन बी त्यामाच गयं."

मी पण आठवू देत नव्हतो. आतापर्यंत मी त्याला त्या रस्त्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. गावापासून धुळ्यापर्यंत ती त्याच्या शेजारी बसलेली होती आणि मी एरंडोलला पेढे खात होतो. लोक मला सांगायचे, शांत गेली. मी मान हलवायचो. खोलात गेलो आणि ती कळवळत गेली असं ऐकलं तर? म्हणून विचारलं नाही. पण आज निविदा गेलीच होती, त्याचं जे जायचं ते गेलं होतं, मला एकट्यालाच जपून काय करायचं?

"हमीद," मी म्हणालो, "शांत गई का ती?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं जसं मी पंपावर बिडी पेटवली. "शांत? कोन सांगं तुमले? धुळं येस तवलोंग माले शिव्या देत व्हती."

"काय?"

"गाडीमा बसाडी तशी सुरू. म्हने, हाई काय गाडी शे का बैलगाडी. म्हने, मन्हं नवं लुगडं तुना सीटनं काळं करं, धोई देशी तू. खड्डा उना का माले शिवी, सरकारले नई, माले. मी म्हनं, भाभी, बोलू नका, दम लागी. त म्हने, दम मन्हा शे, तुले काय करनं?"

माझ्या तोंडून आवाज निघाला. हसू होतं की काय होतं, मला माहीत नाही.

"आनी मंग म्हने, झाकन लायं का? मी म्हनं, लायं. म्हने, पक्कं? मी म्हनं, पक्कं. म्हने, खोटारडा. रबर त दुकानमा इसरना तू, सकायपासून बडबडी राहना व्हता, माले काय बहिरी समजस का? परत फिर, म्हने. मन्हा मानूस रोज तठे बसस." हमीदनं फडकं झटकलं आणि पुन्हा खांद्यावर टाकलं. "मी नई फिरनू. आनी तिनी परत एकदा बी झाकननं नाव नई काढं. मंग इचारं, तुनी बायको कसाले येत नई सुरतहून? तू फोन करस का? मी म्हनं, नई. म्हने, कर. ती काय स्वतः करी का, बाईमानूस. तू कर. दवाखानाना फाटक उना तवय बी तेच म्हनत व्हती. फोन कर, फोन कर."

"कया का?"

"नई."

"कसाले?"

"काय बोलू, तेच समजत नई. घरमा इतला दिवस कोनीच बोलत नई, त तोंड इसरी जास." तो हसला, पण दाढीतल्या दाढीत. "भाभी बोले, तवय वाटे, चला, कोनी त शिव्या देस आपले."

वस्तीकडून टँकर रिकामे होऊन परत येत होते. गुलाबनं भोंगा वाजवला नाही. इंजिन फाटकाबाहेरच बंद करून तो गाडी ढकलत आत आणू लागला, दोघं-तिघं हात लावायला धावले. हमीद उठला नाही.

"परत सांग," मी म्हणालो. "गाडीमा बसाडी तठून."

"शिव्या बी?"

"शिव्या आधी."